मागच्या खोलीची लाइन

नेटवालीने चपला काढायच्या आधीच दारातल्या भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, "काकू, हे घर आहे की तिजोरी?"

"घरच आहे. तिजोरी असती तर बाहेरचं माणूस बोलावलं असतं का?"

"भिंती बघा ना कसल्या जाड. मध्ये न्हाणीघर, त्याला फरशा, वर पाण्याची टाकी. वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोचतं तरी कसं?"

"पोचत नाही. म्हणून तर तू आलीस."

तिशीची असेल. कमरेला हत्यारांचा पट्टा आणि खांद्यावर निळ्या केबलचं वेटोळं. फोनवर मी विचारलं होतं, "माणूस कधी पाठवाल?" तर म्हणाली, "माणूस मीच आहे." तेव्हाच मला ती आवडली होती. त्या दिवसांत मला फारसं काही आवडत नव्हतं, म्हणून हे लक्षात राहिलं.

मागच्या खोलीत आमचे हे असतात. दीड वर्षापूर्वी मेंदूत गुठळी झाली आणि उजवी बाजू गेली. डावा हात शाबूत आहे. डोकं पूर्वीपेक्षाही शाबूत आहे. बोलणं मात्र गेलं, आणि जाताना एकच शब्द मागे ठेवून गेलं: 'बरं'. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं, मला हाक मारायची तरी बरं. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. त्यातली बत्तीस वर्षं हा शब्द ह्यांच्या तोंडून ऐकायला माझे कान आसुसले होते. आता दिवसातून शंभर वेळा ऐकते.

मी शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर आहे. सुटलेला टाका, हुकलेलं काज, लोंबता दोरा हे शोधून शर्ट बाजूला काढायचा. ह्यांच्या आजारपणात मिळेल तेवढी रजा घेतली, मग न मिळणारीही घेतली, आणि शेवटी कारखान्याने सांगितलं की या, नाहीतर येऊ नका. काम सोडलं असतं तर औषधं थांबली असती. म्हणून गेले. दुपारी एकला खालच्या मजल्यावरच्या वहिनी येऊन ह्यांना भरवायच्या, पाण्याची बाटली भरून हाताशी ठेवायच्या. बाकीचा दिवस हे आणि छत.

लेक दुसऱ्या गावी असते. तिने एक केअर सेंटर शोधून ठेवलं होतं. मी जाऊन पाहिलं. स्वच्छ होतं, खोटं कशाला बोलू. आठ पलंग एका रांगेत, एक रिकामा, बाकी सातही माणसं टीव्हीकडे तोंड करून, आणि टीव्ही बंद. मी तिथल्या बाईंना विचारलं, लावत का नाही? तर म्हणाल्या, "लावला काय, न लावला काय." त्या वाईट नव्हत्या. खरं तेच सांगत होत्या. परत येताना बसमध्ये मी फोनवर कॅमेऱ्यांच्या किमती बघत बसले.

म्हणून मी ह्यांच्या खोलीत कॅमेरा बसवला. कारखान्यात टेबलावर फोन उभा करून ठेवायचे. शर्ट बघायचा, फोन बघायचा, शर्ट बघायचा. पण चित्र यायचं आणि अडकायचं. एका मंगळवारी हे अकरा वाजता गाढ झोपलेले दिसले. सव्वाअकराला झोपलेले. साडेअकराला झोपलेले. मी शेजारच्या टेबलावरच्या बाईला म्हटलंसुद्धा, "बघ आज कशी शांत झोप लागलीय." ती झोप अकराचीच होती. चित्र हललं तेव्हा पलंग रिकामा होता आणि पलंगाच्या कडेशी जमिनीवर एक पाय दिसत होता.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"आई, बस झालं आता. सेंटरवाल्यांनी आठवडाभरच पलंग राखून ठेवलाय."

"थोडा वेळ दे मला."

"काय करणारेस?"

"केबल टाकते. फोनची जुनी तार आहे ना भिंतीत, बाबांनी टाकलेली? तिच्या जागी नवी केबल ओढायची. पुढच्या खोलीतल्या वायफायच्या डब्यापासून थेट कॅमेऱ्यापर्यंत. तारेतून आलेलं चित्र अडकत नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"वाचलं. जेवणाच्या सुट्टीत."

"आई, तू केबल वाचतेस?"

"तुझ्या वेळी बाळंतपण वाचलं होतं. निघालीस ना नीट?"

ती हसली नाही. "आणि केबल टाकूनही काही झालं तर?"

"तर मी माझ्या हातांनी त्यांची बॅग भरीन."

"शब्द?"

"शब्द."

माझ्या हाताला भांड्यांचा साबण होता, म्हणून फोन स्पीकरवर होता. मागच्या खोलीतून आवाज आला, "बरं."

म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं.

हे टेलिफोन खात्यात केबलचे जोड करायचे. जमिनीखालून जाड केबल जाते, तिच्या पोटात शेकडो बारीक तारा, आणि जिथे एक केबल संपून दुसरी सुरू होते तिथे खड्ड्यात उकिडवं बसून त्या एकेक करून जोडायच्या. खात्यात ह्यांना जोडमास्तर म्हणत. ह्यांनी केलेला जोड पुन्हा उघडावा लागला असं कधी झालं नाही, हे मी ह्यांच्याच तोंडून किमान हजार वेळा ऐकलेलं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा फोनची तार ह्यांनीच टाकली. पुढच्या खोलीपासून झोपायच्या खोलीत, तिथून मागच्या खोलीत, सगळी भिंतीतल्या पाइपातून. मागच्या खोलीतला तिचा बॉक्स आता ह्यांच्या पलंगामागे येतो, उशीच्या खाली, जमिनीपासून वीतभर वर.

नेटवालीने पलंग पुढे ओढून घेतला. बॉक्सचं झाकण काढलं, पुढच्या खोलीत जाऊन तिथलंही काढलं. "सोपं आहे काकू. जुन्या तारेच्या शेपटीला नवी केबल बांधायची, तुम्ही तिकडून सोडायची, मी इकडून ओढणार. जुनी बाहेर, नवी आत. अर्ध्या तासात मी माझ्या घरी."

हातभर तार आली आणि अडकली.

तिने ओढली, ढिली केली, पाय भिंतीला लावून पुन्हा ओढली. टुणकन एक गाठोडं बॉक्समधून बाहेर आलं. बोटाएवढं जाड, काळ्या पट्टीत गुंडाळलेलं, वर मेणासारखं काहीतरी चोपडलेलं.

"पाइपात जोड?" ती उठून उभीच राहिली. "काकू, पाइपाच्या आत कोणी जोड करतं का? हे कोणत्या गाढवाने केलंय?"

"तो गाढव तुझ्या मागे झोपलाय," मी पुढच्या खोलीतून ओरडले.

मग ह्यांचं हसू ऐकू आलं. हसू कसलं, छातीतून हवा सुटल्याचा आवाज, पण आठ महिन्यांनी ऐकला. मी केबल सरकावी म्हणून तिला चोपडायच्या साबण-पाण्याचा मग हातात घेऊन धावत आत गेले. नेटवालीने दोन्ही कान पकडले होते आणि हे पलंग हलेल इतके हसत होते.

"काका, माफ करा. पण असे किती आहेत?"

डावा हात वर झाला. पाच बोटं.

"पाच! अहो काका, पाइपात जोड करायचा नाही हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात."

"ह्यांनाही शिकवलं होतं," मी म्हटलं. "पण ज्यांचे जोड सुटतात त्यांच्यासाठी तो नियम, असं ह्यांचं म्हणणं."

तारेचा तुकडा फेकणं ह्यांना जमत नसे. खात्यात टाकून दिलेले पाच-पाच हात लांबीचे तुकडे खिशातून आणून, एकाला एक जोडून, ह्यांनी अख्ख्या घराची लाइन केली होती. एक जोड सुटला असता तर त्या जागी तार तुटून निघाली असती आणि पुढे काय करायचं ते तरी झटकन कळलं असतं. पण एकही सुटत नव्हता. प्रत्येक जण पाइपाच्या वळणावर पाय रोवून बसला होता.

"राहू दे," नेटवाली म्हणाली. "मोठं ड्रिल आणि आणखी एक माणूस घेऊन येते पुढच्या आठवड्यात. भिंती फोडून वरून नेऊ."

"पुढच्या आठवड्यात उशीर होईल गं."

तिने विचारलं नाही कशाला उशीर. माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, आणि तेवढ्यात हे "बरं, बरं" करायला लागले. डावा हात पुढे. बोटं उघडमीट. तार हवी होती.

तिने बॉक्समधून निघालेली तार त्यांच्या बोटांवरून नेऊन मग आपल्या हातात घेतली. ह्यांनी डोळे मिटले. मी पुढच्या खोलीत केबलला साबण चोपडत बसले, दारं सताड उघडी. ती ओढायला लागली की ह्यांची बोटं तारेवर नुसती टेकलेली असत, नाडी बघतात तशी. जोड वळणाशी आला की "बरं!" म्हणजे थांब. मग बोट जरा मागे: ढिली सोड. मग मनगट किंचित फिरायचं: पीळ दे. आणि मग हळू आवाजात "बरं..." म्हणजे आता ये, ये, ये. एका शब्दात आणि एका हातात मिळून चार हुकूम होते, आणि आम्हा दोघी बायकांना सगळे कळत होते. माझ्या हातातली केबल भिंतीत वीत-वीत सरकत होती. तिसऱ्या जोडाला नेटवालीने घाम पुसत विचारलं, "काका, तुम्ही मला नोकरीवर ठेवता का?" ह्यांनी विचार केल्यासारखं केलं आणि मान नकारार्थी हलवली.

पाचवा जोड निघाला तेव्हा पाऊण तास झाला होता. तिने तो कात्रीने उघडला. आत तांबं नव्यासारखं लाल होतं. "पंचवीस वर्षं?" ती म्हणाली. तोपर्यंत तोंडात असलेलं 'काका' त्यानंतर 'सर' झालं.

मग तिने आठ रंगांच्या आठ बारीक तारा ओळीने बॉक्समध्ये बसवल्या, छोट्या यंत्रावर एक ते आठ दिवे लागले, पलंग पुन्हा भिंतीला लावला, दुसरं टोक पट्टीतून वर नेऊन कपाटावरच्या कॅमेऱ्याला जोडलं आणि आपल्या फोनवर चित्र उघडलं. ह्यांनी फोन मागितला. बराच वेळ स्वतःकडे बघत राहिले. आरशात बघणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. मग डावा हात हळूहळू भिंतीकडे नेला. पंजा चित्रातून नाहीसा झाला. परत आणला. पुन्हा नेला.

"खेळताय का सर?" नेटवालीने विचारलं.

"बरं," हे म्हणाले.

मलाही तो खेळच वाटला.

त्यानंतरचे वीस दिवस मी सुखात होते. हे लिहिताना लाज वाटते, पण होते. चित्र म्हणजे काय चित्र! चादरीवर माशी बसली तर दिसायची. सकाळी साडेनऊला फोन टेबलावर उभा केला की संध्याकाळी साडेपाचपर्यंत एकदाही अडकायचा नाही. आणि हे शांत पडलेले असायचे. पूर्वीसारखी तळमळ नाही, उठायची धडपड नाही, कुशीला ठेवलेल्या लघवीच्या भांड्याशी झटापट नाही. ते भांडं हे डाव्या हाताने वापरायचे. निम्मं सांडायचं, आणि सांडलं की मी येईपर्यंत डोळे मिटून पडायचे. आता ती वेळच येत नव्हती. घरी जावं तर चादर कोरडी, भांडं कोरडं.

आमच्या सुपरवायझर बाई जाता जाता माझ्या फोनमध्ये डोकावायच्या. "काय गं, नवऱ्याचा सिनेमा बघतेस दिवसभर?"

"हो ना. पण हीरो हलतच नाही."

"मग चांगला आहे की. माझा हलतो, आणि मग विचारू नकोस."

सगळ्या हसायच्या. मीही हसायचे.

खालच्या वहिनींना मी रोज विचारायचे, पाणी पितात ना? "अगं, बाटली रिकामी असते मी जाते तेव्हा. पुन्हा भरून ठेवते, तू येईपर्यंत ती पण रिकामी. कौतुक आहे बाई." मी लेकीला कौतुक कळवलं. ती म्हणाली, "आई, जिंकलीस तू. तरी अजून महिनाभर पलंग राखून ठेवते हं, राग मानू नकोस." मानला नाही. माझीच मुलगी, दोन्हीकडून टाका घातल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

ह्यांचे ओठ फुटले होते. मी हवेला बोल लावला आणि रोज मलम चोळलं. सकाळची लघवी गडद व्हायला लागली होती. मी नव्या गोळ्यांना बोल लावला. पलंगाखाली ओल दिसायची, मी वहिनींच्या सांडलवंडीला बोल लावला. दिवसाला तीनशे शर्टांतले दोष काढणारी मी.

एका गुरुवारी अकराच्या सुमारास चित्र गेलं. अडकलं नाही, गेलंच. काळा पडदा आणि त्यावर गरगरणारं चाक. मी हातातला शर्ट तसाच टाकून निघाले. रिक्षात फोनकडे बघत राहिले, जणू बघण्याने येणार होतं. घरी पोचले तर हे जागेवर. शांत. माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं."

नेटवाली दुपारी आली. पुढच्या खोलीतला डबा बघितला, ठीक होता. मागे जाऊन पलंग ओढला, जमिनीवर बसून बॉक्सचं झाकण काढलं, आणि आतून पाणी तिच्या मांडीवर सांडलं.

"काकू, भिंतीत गळती आहे का?"

"न्हाणीघर त्या बाजूला आहे. ह्या भिंतीमागे काही नाही."

तिने बोट आत घालून बाहेर काढलं. वीस दिवसांपूर्वी बसवलेल्या तारांवर हिरवं चढलं होतं. बॉक्सच्या वर भिंतीला पोपडे आले होते, वरपासून खालपर्यंत, एका सरळ पट्ट्यात. तो पट्टा गादीच्या कडेपासून सुरू होत होता. तिने वर पाहिलं. मीही पाहिलं. गादीची भिंतीकडची कड कुजल्यासारखी काळी पडली होती. तिथे, हाताच्या अंतरावर, पाण्याची बाटली होती.

कपाटावरच्या कॅमेऱ्याला ती फट दिसत नव्हती. कुठवर दिसतं आणि कुठून दिसत नाही, हे ह्यांनी पहिल्याच दिवशी मोजून घेतलं होतं.

"मी जरा बाहेर थांबते," नेटवाली म्हणाली. तिला सगळं कळलं होतं.

मी पलंगावर बसले. "अहो, पाणी ओतून देत होता?"

ह्यांनी डोळे मिटले.

"दिवसभर पीतच नव्हता?"

डावा हात उचलला. एक बोट कॅमेऱ्याकडे. मग भांड्याकडे. मग पंजा चादरीवर ठेवला आणि पुसल्यासारखा फिरवला. मग स्वयंपाकघराकडे, जिथे माझा फोन स्पीकरवर होता त्या दिवशी. मला आणखी काही विचारावं लागलं नाही. पाणी प्यायलं तर लघवी होणार. झाली तर सांडणार. सांडली तर मला दिसणार, आता तर माशीसुद्धा दिसते. आणि मला दिसलं की मी बॅग भरणार. शब्द दिला होता ना.

बॉक्स कुठे आहे हे ह्यांना ठाऊक होतं. तार आणि पाणी एका जागी आलं की काय होतं हे त्या माणसाला मी काय सांगणार? खड्ड्यांतलं पाणी उपसून जोड करण्यात ज्याची तीस वर्षं गेली. पण हाताच्या टप्प्यात, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, ओतायला दुसरी जागाच नव्हती.

"ऐका," मी म्हटलं. "भिजू दे चादर. दिवसातून दहा वेळा भिजू दे. मी काही म्हणणार नाही, लेकीला सांगणार नाही, कॅमेऱ्यात दिसलं तर तिकडे बघणारही नाही. पण पाणी प्या. प्याल ना?"

"बरं."

"माझी शपथ?"

"बरं."

नेटवालीने नवा बॉक्स जुन्यापेक्षा वीतभर वर बसवला, लाइन चालू केली, आणि कॅमेरा थोडा वळवून दिला म्हणजे भिंतीची कड दिसावी. जाताना ह्यांच्या पायाला हात लावून गेली. मला म्हणाली, "काकू, लाइन चांगली आहे आता." आणि मग, "सॉरी." लाइन चांगली असल्याबद्दल सॉरी म्हणणारी मी तिच्याशिवाय कोणी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात बसून पाहिलं. सव्वादहाला ह्यांनी बाटली उचलली, तोंडाला लावली, आणि बराच वेळ धरली. सगळं व्यवस्थित दिसत होतं. पण गळा हलत नव्हता. मी चित्र बोटांनी मोठं केलं. गळ्याची घाटी जागची हलत नव्हती. तोंड लावून धरलेली बाटली खाली ठेवली, आणि हे कॅमेऱ्याकडे बघून हसले. डावीकडच्या अर्ध्या ओठाने, मला धीर द्यायला.

मी टेबलाखाली डोकं घालून रडले. सुपरवायझर बाईंनी माझ्या पुढ्यातला शर्टांचा ढीग उचलून दुसऱ्या टेबलावर नेला आणि कोणालाही काही विचारू दिलं नाही.

शनिवारी ताप आला. डॉक्टर म्हणाले, अंगात पाणीच नाही, लघवीत जंतू, किडनीवर ताण. चार दिवस सलाइन. "घरी कोण असतं दिवसभर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कॅमेरा." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा घालून कागदावर लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं नाही.

ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं आणि लेक आली. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिने डॉक्टरांचा कागद वाचला, घडी घातली, आणि मला जवळ घेतलं. तेव्हा कळलं की आता काही उरलं नाही. भांडायलाही.

"गाडी चारला येईल," ती म्हणाली. "बॅग मी भरते, आई."

"नाही. मी म्हटलं होतं मी भरीन."

चार पायजमे, सहा सदरे, गोळ्यांचा डबा, दाढीचं सामान. दाढी तिथे कोण करतं ते विचारायचं राहिलं होतं, म्हणून दाढीचं सामान काढलं आणि पुन्हा ठेवलं. प्रत्येक कपड्यावर बिल्ला टाचायचा होता, कोणाचे कपडे ते कळावं म्हणून. पलंगाचा क्रमांक होता सात. मी बसून एकेका सदऱ्याच्या कॉलरला आतून सात शिवला. टाके बारीक आले. हे बघत होते. सगळे सदरे होईपर्यंत बघत होते.

मग त्यांनी हात वर करून कपाटाकडे दाखवलं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा चालूच होता. कोणी बघत नव्हतं, तरी चालू होता. मी स्टुलावर चढून केबलची पिन उपसली. दिवा गेला.

"बरं," हे म्हणाले, आणि पाण्याच्या बाटलीकडे बोट केलं.

मी पेला भरून आणला. मानेखाली हात घालून उचललं. ह्यांनी घोट घेतला आणि घाटी हलली. दुसरा घोट. तिसरा. पेला संपला तरी ओठ पेल्याला लागलेले. पुन्हा बोट. दुसरा पेला.

"आई, हळू दे," दारातून लेक म्हणाली. "ठसका लागेल त्यांना."

"लागू दे."

तिसऱ्या पेल्यातला निम्मा छातीवर सांडला. मी पुसला नाही. उशाशी बसून राहिले, हात त्यांच्या मांडीजवळ गादीवर ठेवून. बाहेर कोणीतरी जिन्यावरून काहीतरी जड उतरवत होतं. थोड्या वेळाने माझ्या तळव्याखाली चादर उबदार झाली, मग ओली झाली. एरवी हे अशा वेळी डोळे मिटायचे. आज मिटले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे, आणि ओल पसरत पसरत माझ्या मनगटापर्यंत आली.

लेक पुन्हा दारात आली. "गाडी आली खाली." मग तिला चादर दिसली. "बदलू का?"

"दहा मिनिटं थांबायला सांग त्याला."

"ते थांबत नाहीत गं, आई. त्यांना अजून दोन ठिकाणी जायचंय."

"मग खाली जा आणि गाडीसमोर उभी राहा."

ती गेली. खालून हॉर्न वाजला, मग तिचा आवाज आला, कोणाशी तरी अजिजीने बोलत असलेला. मी हात काढला नाही. ह्यांनी आपला डावा पंजा आणून माझ्या ओल्या हातावर ठेवला, आणि बोटं नुसती टेकवून ठेवली, दाबली नाहीत. पुन्हा हॉर्न वाजला.